पडद्यामागून

दुपारची भांडी घासून झाली की आई टीव्ही लावते. तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती दर साली पुढच्या दिवाळीवर ढकलते. मालिका तिला आवडत नाहीत. "त्या बाया दागिनं घालूनच झोपत्यात," एवढंच तिचं त्यांच्याबद्दलचं मत. सकाळी कीर्तन, आणि दुपारी मारामारीचा पिक्चर. दक्षिणेतले हिंदीत बोलवलेले असोत, नाहीतर आमच्या लहानपणीचे अमिताभचे असोत. नटांची नावं तिला येत नाहीत. तिनं आपली ठेवलीत: लुंगीवाला, मिशीवाला, सिगारेट उडवणारा. अमिताभ तेवढा अमिताभ.

मी पुण्याहून महिन्या-दीड महिन्यानं गावी जातो. मागच्या वेळी म्हटलं, "आई, हा पिक्चर तर तू मागच्या खेपेलाच बघत होतीस."

"मग? भाकरी बी कालच खाल्ली हुती की."

पुढं बोलायची सोयच नाही. पण तिचं बघणं मी निरखून बघितलंय. हाणामारी सुरू झाली की ती सुपातल्या डाळीतले खडे वेचायला लागते. गाडी उडाली, माणसं काचेतून बाहेर पडली, तरी मान वर करत नाही. हात थांबतो तो हाणामारीच्या आधी. नायक मार खातोय, त्याच्या अंगात दहा जणांना लोळवायची ताकद आहे, आणि तरी तो हात उचलत नाही, तिथं. रजनीकांतच्या 'बाशा'त रिक्षावाला झालेला रजनी खांबाला बांधून घेऊन मुकाट्यानं मार खातो. ते आलं की आई सूप मांडीवरून खाली ठेवते. पुढं तो सगळ्यांना बडवतो तेव्हा तिचं लक्ष पुन्हा डाळीत.

आणि 'जंजीर' लागला तर ती अर्ध्यातून उठून जाते. दरवेळी. शेळी सोडायची असते, सरपण आत घ्यायचं असतं, काही ना काही निघतं. मला वाटायचं, तीन तास बसून पाठ भरून येत असेल.

'जंजीर' मी पहिल्यांदा उलटा बघितला. 1981 साल असेल, मी नऊ वर्षांचा. गावात वीज आली होती, टीव्ही आला नव्हता. गणपतीत मंडळाची पोरं सोळा एमएमचं मशीन भाड्यानं आणायची. मारुतीच्या देवळापुढं दोन वासे रोवून त्यांना पांढरा पडदा ताणून बांधायचा. पुढची जागा दिवस मावळायच्या आतच लोकांनी पोती टाकून धरलेली असायची. गुरांचं वैरणपाणी करून आम्ही पोचेपर्यंत पुढं मुंगीलासुद्धा वाट नसायची. मग पडद्याच्या मागं जाऊन बसायचं. मागूनही पिक्चर दिसतो. फक्त अक्षरं उलटी, आणि डावं ते उजवं.

दिवाळीची रात्र, बाहेर फटाके, आणि कपाटात लपलेलं पोर फटीतून आईबापाचा खून बघतंय. खून करणाऱ्याचं तोंड त्याला दिसत नाही, मनगटातली साखळी दिसते, तिला लोंबणारा घोडा दिसतो. तो घोडा पुढं वीस वर्षं त्या पोराच्या स्वप्नात धावत राहतो. त्या रात्री मीही झोपेत ओरडलो म्हणे. आईनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या होत्या.

दोन वर्षांनी पुसेगावच्या जत्रेत, सेवागिरी महाराजांच्या यात्रेला, तंबूत तोच 'जंजीर' लागला आणि आम्ही पहिल्यांदा तो पुढून बघितला. बघतो तर अमिताभ डाव्या हातानं ठोसे हाणतोय. माझ्या शेजारच्या दोस्तानं शपथेवर सांगितलं, की हा पिक्चर दुसरा आहे, गणपतीतला नव्हे. गणपतीतला अमिताभ उजव्या हाताचा होता. अमिताभ मुळातच डावखुरा, हे कळायला आम्हाला पुढं बरीच वर्षं लागली.

तंबूबद्दल सांगायला बसलो तर हा लेख तिथंच संपेल. तरी थोडं सांगतोच. डिसेंबरातली थंडी, खाली शेणानं सारवलेली नाहीतर नुसती भिजवलेली जमीन, बायका एका बाजूला, गडी एका बाजूला. प्रत्येकाच्या अंगावर घोंगडं, त्यामुळं आत लोकर, बिडी आणि शेंगदाणे असा मिळून एक वास. मागं ट्रकवर मशीन. मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की दिवा लागायचा आणि दुसरं रीळ चढेपर्यंत गावोगावचे पाहुणे एकमेकांना ओळखून घ्यायचे. कुणाची सोयरीक कुठं जमली, कुणाचा बैल किती दातांचा, हे सगळं दोन रिळांच्या मधे. रीळ तुटलं की शिट्ट्या. रात्री एक खेळ जास्ती बसावा म्हणून मशीनवाला गाणी कापायचा. 'जंजीर'चं त्यानं काही बिघडायचं नाही. त्यात अमिताभच्या तोंडी एकही गाणं नाही. रस्त्यावर पेटी वाजवत गाणारा जो माणूस दिसतो तो त्या गाण्याचा कवी, गुलशन बावरा. हे मला पुण्यात आल्यावर कळलं. कळल्यावर कुणाला सांगू असं झालं होतं, पण तेव्हा सांगण्यासारखं माणूसच जवळ नव्हतं.

हा पिक्चर 1973 चा. प्रकाश मेहरांनी तो काढला, लिहिला सलीम-जावेदनी. देव आनंद, राजकुमार, धर्मेंद्र असल्या मोठमोठ्या नटांना करून नकोसा झालेला हा रोल, एकापाठोपाठ एक पिक्चर पडलेल्या अमिताभकडं आला. पोलीस ठाण्यात प्राण खुर्चीवर बसायला जातो आणि अमिताभ ती खुर्ची लाथेनं उडवतो. त्या जागेला तंबूत पैसे उडायचे. दहा वर्षांचा जुना पिक्चर, प्रिंट अशी खरवडलेली की मुंबईत सदा पाऊस पडतोय असं वाटावं, आणि तरी लाथ बसायच्या आधीच शिट्टी. लाथ बसणार हे माहीत होतं म्हणूनच शिट्टी. पुढं काय होणार ते माहीत नसलेला पिक्चर आमच्याकडं तितका चालत नसे. जत्रेत रात्रभर वगाला बसणाऱ्याला तरी शेवट कुठं नवा असतो!

त्या तंबूत आमचे तात्या माझ्या शेजारी बसले होते. आणि तीन रांगा पुढं, मफलर गुंडाळून, आण्णा.

आण्णा म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. आमच्या आणि त्यांच्या रानात एक बांध. आमच्याकडं बांध ही जितीजागती वस्तू असते, ती सरकते. नांगरट करताना दर साली दोन तासं पलीकडची घ्यायची. आरडाओरडा करावा इतकं ते नसतं आणि गप्प बसावं इतकं थोडंही नसतं. हद्दीचे दगड आपोआप पेरणीत हरवतात. अशानं आमचं अकरा गुंठे रान पलीकडं गेलं होतं, असं आमचं म्हणणं. आमच्या आजोबांनी आधी त्यांचं कोरलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

तात्या तालमीतले. 1979 च्या पावसाळ्यात बांधावर बोलाचाली झाली. आण्णांनी तात्यांच्या आईवरून शिवी दिली आणि तात्यांनी त्यांना उचलून आपटलं. उजव्या हाताचं कोपर मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, पण ते वाकडंच बसलं. आण्णांचा उजवा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. पोलीस आले, तात्यांना एक रात्र आत ठेवलं, पंचांनी मधे पडून मिटवलं. घरी आल्यावर आईनं मला आणि थोरल्याला पुढं उभं केलं, आमच्या डोक्यांवर तात्यांचा हात ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. भावकीवर पुन्हा हात उचलणार नाही. मला त्यातलं एवढंच आठवतं, की तात्यांचा तळवा जड होता आणि घामानं ओला होता.

1980 मध्ये दावा दाखल झाला.

तर पुसेगावच्या तंबूत लाथ बसली आणि आण्णा पेटले. वाकड्या हातामुळं त्यांना टाळी नीट वाजवता यायची नाही. डाव्या हातानं मांडीवर दणादण थापा मारत होते. पुढं तेजाच्या माणसांनी अमिताभला लाचेच्या खोट्या गुन्ह्यात अडकवून जेलात धाडलं, तर आण्णांनी तेजाला अस्सल शिवी हासडली. मला फार राग आला. मी अकरा वर्षांचा होतो आणि माझ्या हिशेबानं आण्णा स्वतःच तेजा होते. तेजानं अमिताभसाठी थापा मारायच्या हे कुठल्या नियमात बसतं? तात्यांकडं बघितलं. ते पुढं बघत होते.

जेलातून सुटल्यावर अमिताभ सूडाला निघतो, आणि जया भादुरी त्याच्याकडून वचन घेते, की हे सगळं सोडून द्यायचं. तो वचन देतो. तेवढ्यात तात्या उठले. म्हणाले, "जरा बाहीर जाऊन येतो." बाहेर गेले ते रीळ बदलून झालं, प्राणचं गाणं कापून झालं, पुन्हा मारामारी सुरू झाली तरी आले नाहीत. शेवटी तंबूच्या तोंडाशी भेटले. शेव-चिवड्याची पुडी घेऊन उभे होते. 'शेवट बघितला नाहीत' म्हटलं, तर म्हणाले, "म्हाईत हाय की."

कोर्टात तारखा पडत होत्या. वकील बदलले, एकदा आमचे, एकदा त्यांचे. मोजणीला माणसं आली, तर त्यांच्याकडचं कुणी आजारी. पुन्हा आली, तर आमच्या रानात ऊस उभा. दोष कुणाला द्यायचा? तात्या तारखेला जाताना धुतलेलं धोतर नेसायचे आणि परत येताना पोरांना केळी आणायचे. बांध दोन तासं आणखी सरकला होता. गावात लोक तात्यांना तोंडावर 'पैलवान' म्हणायचे आणि पाठीमागं हसायचे. हे हसू घरात सगळ्यांत आधी थोरल्याला ऐकू आलं.

त्याच तंबूत 'शोले' मी चार वेळा बघितला. त्यात शेवटी हात तुटलेला ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी तुडवतो आणि आता मारणार तोच पोलीस येतात. मूळ पिक्चरमध्ये ठाकूर त्याला मारूनच टाकतो. आणीबाणीचे दिवस होते, सेन्सॉरनं हरकत घेतली म्हणून शेवट बदलला. आम्हाला हे काय ठाऊक! पोलीस आले की तंबूतून हमखास एकच आवाज यायचा, "आता आलाय व्हय रं!" सगळे हसायचे. थोरला हसत नसे.

1988 च्या मार्चमध्ये, थोरला वीस वर्षांचा असताना, रात्री कुऱ्हाड घेऊन बांधाकडं गेला. आण्णा पाणी धरायला रानात होते. तात्यांना कळलं तसे ते अनवाणी पळत गेले आणि बांधावर आडवे बसले. मी कंदील घेऊन मागोमाग. तात्या एवढंच म्हणाले, "आदी मला हाण. मग पलीकडं जा." थोरला बराच वेळ उभा होता. पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. आण्णाही पलीकडच्या वाफ्यात खोरं घेऊन उभे असणार, पण अंधारात दिसत नव्हते. मग त्यानं कुऱ्हाड टाकली आणि तात्यांना म्हणाला, "बायकोला भिऊन जगलासा तुमी." आमच्याकडं बापाला असं कुणी बोलत नाही.

आठवड्याभरात तो मुंबईला गेला. वाशीच्या मार्केटात माथाडीचं काम धरलं, तिकडंच संसार केला. सणासुदीला यायचा, आईशी बोलायचा. तात्यांशी सोळा वर्षं बोलला नाही. 2004 मध्ये तात्या गेले तेव्हा आला, खांदा दिला, डोकं केलं, तेराव्याला जेवून गेला. निकाल 2009 मध्ये लागला. अकरातले चार गुंठे आमचे निघाले. ते आता बटईनं आण्णांचाच नातू करतो, कारण दुसरं करायला आहे कोण?

हे सगळं मी एका सुरात लिहितोय, पण मला ते इतकं सलग कधी दिसलं नव्हतं. आता दिसतंय ते गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारमुळं.

'जंजीर' लागला होता. आई सूप घेऊन बसलेली. मी पंख्याखाली आडवा. वचन घ्यायची जागा आली, तिचा हात थांबला. पुढं तो अमिताभ नुसता बसून राहतो. जेवणाकडं लक्ष नाही, बोलण्याकडं नाही. प्राण त्याला हसवायला नाचतो, गातो. आई एकटक बघत होती. मग जया भादुरीला ते बघवेना आणि तिनं वचन परत घेतलं, आणि आई गुडघ्यावर हात टेकून उठली. शेळी सोडायची होती. बाहेर ऊन असं, की शेळीसुद्धा हलली नसती.

मी म्हटलं, "आई, बस की. आता तर खरा पिक्चर सुरू होतोय."

दारातनंच म्हणाली, "तिनं सोडलं त्याला. मी न्हाय सोडलं."

मी उठून बसलो. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, माझ्याकडं पाठ करून.

"थोरला गेला त्या राती तुझं तात्या म्हणालं, आता तरी सोड मला. माजं पोर गेलं. म्या न्हाय म्हणलं."

"का पण?"

"का म्हंजी? सोडलं असतं तर एक मातीत गेला असता न एक जेलात. तू कालिजात गेला असतास व्हय?" मग थोड्या वेळानं, "पर थोरला घरात ऱ्हायला असता. ते बी हाय."

टीव्हीवर धडाधड माणसं पडत होती. मी आवाज कमी केला. काय बोलावं सुचेना. तू बरोबर केलंस, असं म्हणालो असतो तर ते माझ्या सोयीचं झालं असतं. शिकलो मी, नोकरी लागली मला, पेन्शन मला मिळणार. थोरल्याच्या पाठीवर पोत्यांचे घट्टे आहेत. तिनं काही विचारलंही नव्हतं म्हणा.

तात्या त्या रात्री पुसेगावला बाहेर का गेले आणि आई इथून नेमकी कधी उठते, हे दोन्ही मी चाळीस वर्षं लघवी आणि पाठदुखी या खात्यांत मांडून बसलो होतो. त्या पिक्चरच्या सालापासून नटांच्या नावांपर्यंत सगळं मला पाठ. घरात दोन माणसं तो वेगळाच बघत होती, ते मात्र ध्यानात आलं नाही.

आणि आण्णा? तेही कुणाला तरी तेजा समजूनच मांडीवर थापा मारत असणार. त्यांच्या घरात मोडक्या हाताची गोष्ट पहिली सांगितली जात असेल, बांधाची मागनं. मी ती कधी ऐकायला गेलो नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा दुपारी आण्णा ओसरीवर आले. आता ऐंशीला टेकलेत, काकी जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या टीव्हीचं रिचार्ज संपलं की सून लवकर भरत नाही. असे ते अधूनमधून येतात, हे मला आईनं सांगितलं नव्हतं. चप्पल बाहेर काढून, भिंतीला धरत आत आले आणि टीव्हीच्या समोरच्या खुर्चीत बसले. आईनं पदर डोक्यावर घेतला. चहा ठेवून आली, कप त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. उजवा हात मांडीवर, तसाच वाकडा.

कुठला तरी लुंगीवाला मार खात होता.

"ह्यो उठतोय बगा आता," आण्णा मला म्हणाले. "मागच्या टायमाला बी उठलावता."

त्यांच्या खुर्चीमुळं अर्धा टीव्ही झाकला गेला होता. आईनं सूप खाली ठेवलं.

"भावजी," ती म्हणाली, "जरा तिकडं सरका. मला दिसंना झालंय."

आण्णांनी कप डाव्या हातात उचलून धरला आणि बसल्या बसल्याच पायानं खुर्ची मागं रेटली.